भट्टीचे सोवळे

महाराष्ट्रीय गृहिणीच्या स्वयंपाकघरात काय नाही? चुलीच्या जागी शेगडी आली, शेगडीच्या जागी स्टोव्ह आला आणि स्टोव्हच्या जागी गॅस आला. परंतु भाजणे, उकडणे, तळणे, वाफविणे या सर्व विद्या तिच्या हाती पूर्वीसारख्याच राहिल्या. एकच गोष्ट तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. ती म्हणजे चहूबाजूंनी सारखी तापणारी बंद भट्टी. पाव, बिस्किट, केक इत्यादी पदार्थ आपल्या घरात जन्मास आले नाहीत याचे कारण, दुसरे काही नसले तरी, एवढे निश्चित होते. ते पदार्थ बाहेरून आले. आणि जे बाहेरून येईल त्यास उंबरठ्याबाहेर उभे करून ‘तू कोणाच्या हातचे?’ असे विचारण्याची आपल्या घराण्यांची जुनी रीत. त्या प्रश्नाने काय केले, आणि आज त्याच्या जागी कोणता प्रश्न विचारावयास हवा, हे सांगण्याकरिता आम्ही वाचकांस पुण्यातील आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बेकरीत घेऊन जाणार आहोत.

बेकरी म्हणजे जेमतेम दोन खणांचे दुकान. पुढे काचेचे कपाट, त्यामागे मालक, आणि त्यांच्या पाठीशी एक अरुंद दार. दुपारी चारच्या सुमारास त्या दारातून गरम पॅटीसचे तबक बाहेर आले की भाजलेल्या लोण्याचा व मैद्याचा वास आळीभर पसरतो, आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांची पावले आपोआप तिकडे वळतात. येथील सँडविच व पेस्ट्री यांची कीर्ती आमच्या घरातील सुनांनी व मुलांनी वर्षानुवर्षे गायिली होती. परवा मुलांच्या परीक्षा संपल्या, म्हणून सर्वांनीच तेथे जावयाचे ठरले. निघतेवेळी आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “मीही येते.” आत्याबाई नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांनी जन्मात पावाचा तुकडा तोंडात घातलेला आम्ही कोणी पाहिला नव्हता. घरातील सर्वजण पाव खातात, त्यास त्यांची ना नाही. स्वतः मात्र त्या त्याला शिवत नाहीत. जुन्या वळणाच्या म्हणून आम्हीही कधी कारण विचारले नव्हते.

दुकानातील एकुलत्या एका बाकावर आत्याबाईंना बसवून आम्ही कपाटासमोर उभे राहिलो. एका बाजूस खारी, टोस्ट, नानकटाई. मधल्या फळीवर पॅटीस. आणि वरच्या फळीवर पेस्ट्री. या शेवटच्या शब्दाची एक गंमत आहे. इंग्रजीत पेस्ट्री म्हणजे मैदा व लोणी यांची भट्टीत भाजलेली कणीक; म्हणजे खरी पेस्ट्री म्हणावयाची ती आपल्या खारीला व पॅटीसच्या पापुद्र्याला. आपण मात्र ते नाव मलईने सजविलेल्या केकच्या तुकड्यास देऊन बसलो आहोत, आणि आता ते त्याचेच झाले आहे.

सँडविच करण्याचे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालते. कारागीर पावाच्या दोन कापांवर अगदी कडेपर्यंत लोणी फासतो, वर हिरवी चटणी लावतो, त्यावर काकडीच्या व टोमॅटोच्या चकत्या मांडतो, आणि चारी बाजूंच्या तपकिरी कडा सुरीने उतरवून तिरका छेद देतो. लोणी इतके कडेपर्यंत का, असे आम्ही विचारले. मालक म्हणाले, “लोणी चवीसाठी आहेच, पण ते चटणीचे पाणी अडवते. लोणी चुकले की पाव भिजला.” सँडविचसाठी ते आजचा पाव वापरीत नाहीत, कालचा वापरतात. ताजा पाव सुरीखाली दबतो. एक रात्र विसावलेला स्वच्छ कापला जातो. या पदार्थास अठराव्या शतकातील सँडविचचे अर्ल जॉन माँटॅग्यू (१७१८-१७९२) यांच्यावरून नाव पडले, हे बहुतेकांस ठाऊक असते. रोमन साम्राज्याचा इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या १७६२ सालच्या रोजनिशीत हा शब्द आढळतो. उमरावाच्या नावाचा हा पदार्थ आज आमच्या आळीत पुदिना, कोथिंबीर व हिरवी मिरची यांच्या संगतीत इतका रमला आहे, की त्याचे मूळ गाव विचारावयास कोणी धजणार नाही.

परंतु पावास हे सुख सहजासहजी लाभले नाही. पाव पायाने तुडवितात म्हणून त्यास पाव म्हणतात, अशी समजूत जुन्या बायकांत होती. ती खरी नव्हे. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्या भाषेत ब्रेडला जो शब्द आहे, त्याचा उच्चार ‘पांव’ असा होतो. १५१० साली गोवा व १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि त्यांच्याबरोबर पाव आला. पाव भाजणाऱ्यास गोव्यात आजही पोदेर म्हणतात. ताडीने पीठ आंबविण्याची युक्ती त्या किनाऱ्यावर रूढ झाली. पावाचा तुकडा विहिरीत टाकून सारा गाव बाटविल्याच्या कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आमच्या शास्त्याने पावात दोषांवर दोष पाहिले. पाण्यात भिजविलेले पीठ परक्या हाताचे; ते रात्रभर ठेवून शिळविलेले; आंबवण ताडीचे; आणि भाजणारा ख्रिस्ती अथवा मुसलमान. चणे-कुरमुरे कोणीही भाजले तरी चालत, कारण ते कोरडे. पीठ ओले झाले की विटाळ सुरू.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी जातिभेद मोडण्यासाठी परमहंस सभा स्थापिली, तेव्हा नव्या सभासदाच्या धैर्याची परीक्षा ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावयास देऊन होत असे. आज मुले शाळेच्या डब्यात जी वस्तू नाक मुरडून परत आणतात, ती वस्तू खाण्यास त्या काळी छातीचा कोट करावा लागे. आणि तेही बंद दाराआड. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली, आणि ती सभाच मोडली.

आमच्या या बेकरीपासून फार दूर नाही असे पंचहौद मिशनचे ठिकाण आहे. १८९० साली तेथे एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही तेथे होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, आणि गावात मोठे ग्रामण्य उसळले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांस व टिळकांसही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या ग्रंथात त्या दिवसांतील घरच्या मनस्तापाविषयी लिहिले आहे. चहाचा पेला व बिस्किटाचा तुकडा यांपायी अशा माणसांच्या घरी स्वास्थ्य उरू नये, हे आज वाचताना नवल वाटते. परंतु नवल वाटून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही. तो प्रश्न केवळ मोठ्यांच्याच घरी नव्हता. तो सर्वांच्या घरी होता, आणि तेथे त्याची नोंद कोणत्याही पत्राने घेतली नाही.

हे आम्हांस त्याच दिवशी त्या बाकावर बसून कळले.

सँडविचच्या उतरविलेल्या कडा कारागीर एका परातीत टाकीत होता. आत्याबाई बराच वेळ त्या परातीकडे पाहत होत्या. मग त्यांनी मालकांना विचारले, “या कडांचे काय करता?” मालक म्हणाले, “वाळवतो आजी, आणि त्यांचा चुरा करतो. कटलेटला वरून लावायला नेतात. टाकत नाही काही.” आत्याबाई हळूच म्हणाल्या, “आमच्याकडे गाईला घालीत.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. साल १९४४. आत्याबाईंचे वय सात वर्षांचे. त्यांच्या पाठच्या भावास विषमज्वर झाला. डॉक्टरांनी पावाचा मऊ भाग दुधात कालवून द्यावा असे सांगितले. त्या काळी आपल्या घरांत पाव शिरला तो असाच, औषधाच्या वाटेने. गडी लष्करातून पाव आणी. तो स्वयंपाकघरात जात नसे. दिंडीजवळच्या कोनाड्यात डब्यात राही. त्यांची आई तेथेच उभी राहून कडा काढी, आतला भाग मुलास भरवी, आणि पुन्हा स्नान करून मगच चुलीपाशी जाई. कडा गाईसाठी पानावर ठेवलेल्या असत. एके दुपारी कोणी नाही असे पाहून सात वर्षांच्या त्या मुलीने त्यांतली एक कड उचलली आणि खाल्ली. “मला ती फार आवडली,” आत्याबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

विषमज्वरावर खात्रीचे औषध त्या वेळी नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ सालानंतर वापरात आले. त्या मुलाचा जीव कडेच्या तुकड्याने गेला नाही, हे आज कोणीही सांगेल. परंतु त्या सात वर्षांच्या मुलीस हे कोणी सांगितले नाही, कारण तिने कोणास विचारलेच नाही. घरात विटाळ कालविला तो आपण, आणि त्याचे फळ भावाने भोगले, अशी तिची समजूत झाली. आई गेली, वडील गेले, वाडा पडून तेथे इमारत उभी राहिली. ती समजूत मात्र तिच्यापाशी राहिली. आम्ही जिला सोवळे समजत होतो, ती शिक्षा होती. तिने स्वतःस दिलेली, ऐंशी वर्षांहून अधिक काळची.

आम्हांपैकी कोणास काय बोलावे ते सुचेना. मालकांनीच ती वेळ सांभाळली. ते म्हणाले, “आजी, आत येऊन भट्टी बघता का? लोक पाव खातात, पण तो कसा होतो ते कोणी बघत नाही.” आत्याबाईंनी त्यांच्या पायांतील चपलांकडे पाहिले, कारण मालक स्वतः दारापाशी त्या काढून ठेवीत होते. “आत चप्पल नाही,” ते म्हणाले. “आजोबांचा नियम. ते लष्करात दुसऱ्याच्या बेकरीत काम शिकले आणि मग हे दुकान काढले. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पिठाला शिवायचे नाही, मळताना बोलायचे नाही, आणि वादीवर पडलेले पीठ परत परातीत घालायचे नाही. चुकले की आजोबा सारा घाणा बाजूला काढायला लावत.” आत्याबाई प्रथमच हसल्या. “म्हणजे तुमच्याकडेही सोवळे आहे की!” मालक मुसलमान आहेत. त्यांनाही हसू आले. “सोवळेच म्हणा, आजी.”

भट्टी म्हणजे विटांची एक ठेंगणी घुमटी. तिच्या पोटात रात्री लाकूड जाळतात. विटा पुरेशा तापल्या की निखारे ओढून काढतात, तळ ओल्या फडक्याने पुसतात आणि तोंड बंद करतात. पुढे सारे काम विटांत साठलेल्या उष्णतेवर चालते. भट्टी सर्वांत तापलेली असते तेव्हा पाव. उष्णता उतरू लागली की केक व बिस्किटे. आणि शेवटच्या मंद आचेवर टोस्ट व खारी कोरडी होण्यासाठी. एका जाळावर इतके संसार. काटकसरीच्या गृहिणीने नावाजावे अशी ही व्यवस्था आहे.

पावाची कणीक मैदा, पाणी, मीठ व यीस्ट यांची. शंभर भाग मैद्यास सुमारे साठ भाग पाणी व दोन भाग मीठ. यीस्ट म्हणजे सजीव, सूक्ष्म, एकपेशीय बुरशी. आंबणे ही सजीवांची क्रिया आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर याने १८५७ पासूनच्या प्रयोगांनी दाखविले. ते पिठातील साखर खाते व वायू सोडते. गव्हातील ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन त्या वायूस कोंडून धरते. आणि पाव फुगतो. शास्त्याने ज्यास शिळविणे म्हटले, ती मुळात पिकविण्याची क्रिया होती. आपल्या इडलीच्या व ढोकळ्याच्या पिठात रात्रभर दुसरे काय चालते?

खारीच्या कणकेची कृती याहून निराळी. लाटलेल्या कणकेवर लोणी पसरून तिची तिहेरी घडी घालावयाची, थंड करावयाची, पुन्हा लाटावयाची. असे सहा वेळा केले की लोण्याचे ७२९ थर होतात. भट्टीत कणकेतील पाण्याची वाफ होऊन ती एकेक पापुद्रा वर उचलते. यात कोणतेही आंबवण नाही. घडीचे गणित व हाताचा संयम, एवढेच.

आता आमच्या वाचकभगिनींस दोन शब्द. पूर्वी आपण ‘कोणी केले?’ असे विचारीत होतो. तो प्रश्न आपण टाकून दिला, हे उत्तम झाले. परंतु त्याबरोबर प्रश्न विचारणेच टाकून दिले, हे ठीक झाले नाही. आता चकचकीत वेष्टन दिसले की आपले समाधान होते. वस्तुतः ‘कसे केले?’ आणि ‘कशाचे केले?’ हे प्रश्न विचारावयास हवेत. २०१६ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट’ या संस्थेने पावाचे नमुने तपासले, तेव्हा बहुसंख्य नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट अथवा आयोडेट आढळले. ब्रोमेटने पाव अधिक फुगतो. परंतु त्यापासून कर्करोगाचा संभव असल्याचे मानले जाते. त्याच वर्षी सरकारने ब्रोमेटच्या वापरास बंदी केली. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटचे प्रमाण शेकडा दोनांहून अधिक असू नये, असा नियम जानेवारी २०२२ पासून आहे. तेव्हा खारी व पॅटीस यांत लोणी आहे की अन्य काही, हे विचारण्यात संकोच कसला? पाव तपकिरी दिसला म्हणजे तो गव्हाच्या पूर्ण पिठाचा असतो असेही नव्हे. जळक्या साखरेच्या रंगानेही तो तसा होतो. आणि घरी आणलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. तेथील थंडीने पिठातील स्टार्च लवकर कडक होतो, आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षा अधिक वेगाने शिळा लागतो. दोन दिवसांत संपेल इतकाच आणावा. उरला तर तव्यावर भाजावा.

हे प्रश्न कारखान्याच्या वेष्टनास विचारता येत नाहीत; वेष्टन छापील तेवढेच बोलते. आळीच्या बेकरीवाल्यास ते विचारता येतात, आणि तो सचोटीचा असेल तर अरुंद दार उघडून तुम्हांस आत नेतो. आम्ही विचारले, तेव्हा मालकांनी कोणतीही सारवासारव न करता सांगितले की पॅटीसमध्ये लोणी व मार्गारीन दोन्ही असतात, निव्वळ लोण्याचा पॅटीस त्या किमतीत परवडत नाही. हे उत्तर आम्हांस जाहिरातीपेक्षा मोलाचे वाटले.

त्यांच्यापुढे चिंता आहे ती भट्टीची. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांस सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आज ना उद्या येथेही तेच होणार, असे मालक धरून चालले आहेत. धुराने शेजाऱ्यांच्या छातीस अपाय होतो हे खरे आहे, आणि ज्याच्या घरी दम्याचा रोगी आहे तो या निर्णयाचे स्वागतच करील. मालकही तक्रार करीत नाहीत. ते एवढेच म्हणाले, “विजेची भट्टी आणू. हात धुण्याचा नियम तिलाही चालेल.” आजोबांची भट्टी जाईल, आजोबांचे सोवळे राहील. त्यातले राखण्याजोगे कोणते, हे या गृहस्थास अचूक समजले आहे. आपल्या घराण्यांसही ते समजावयास हवे. स्वच्छता, सचोटी, कामावरील एकाग्रता, बिघडलेला घाणा टाकून देण्याचे धैर्य: सोवळ्याचा गाभा एवढाच; आणि तो कोणत्याही जातीच्या हातास शोभतो. उरलेले सर्व कोनाड्यातील डब्यासारखे. त्याने रोग टळला नाही; एका लहान मुलीच्या मनावर ओझे मात्र पडले.

परत दुकानात आलो तो मुलांची सँडविचे संपत आली होती. मालकांनी आत्याबाईंसाठी बशीत एक सँडविच आणले. त्यांनी ते बाजूस सारले, आणि परातीकडे बोट दाखविले. कारागिराने नुकतीच उतरविलेली एक कड उचलून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती क्षणभर तशीच धरली. मग दातांच्या कवळीने हळूहळू, मन लावून, पूर्ण खाल्ली.

आमच्या सुनेने विचारले, “कशी लागली, आत्याबाई?”

“तशीच आहे,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, नित्याप्रमाणे देवापुढे दिवा लावला, आणि भावाचे नाव घेऊन नमस्कार केला. त्या रात्री त्यांनी स्नान मात्र केले नाही.